निजवलेली गाडी

गोंदियाला लागून असलेल्या आमच्या कुडव्यात थंडी उतरली की मला ती आधी खिडक्यांत दिसते. दिवाळीचे आकाशकंदील निघतात आणि त्याच खिळ्यांना प्लास्टिकचे कागद लागतात. शेजारी दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबतात, समोरच्या वहिनी झरोक्याला वर्तमानपत्र चिकटवतात, आणि आठवड्याभरात सगळी गल्ली डोळे मिटून घेते. मी मात्र झोपायच्या खोलीतली खिडकी थोडी उघडी ठेवते. तिच्यावरून आमच्याकडे दर वर्षी भांडण होतं. नवरा गोंदियाच्या बाजारात वाढलेला, त्यामुळे त्याचा राग हिंदीतूनच येतो. "मार डालेगी क्या ठंडी में?" मी म्हणते, "थंडीनं कोणी मरत नाही." हे काही खरं नाही, ते मलाही ठाऊक आहे. पण भांडणात कोण खरं बोलतं?

पुण्या-मुंबईच्या माणसांना विदर्भ म्हणजे ऊन एवढंच माहीत. आमच्या थंडीबद्दल सांगायला लागलं की त्यांना वाटतं, ही बाई थापा मारते आहे. आमची थंडी पाण्यातून येते. गावोगाव तळी, प्रत्येक गावाच्या कडेला बोडी, म्हणजे पाण्याचं छोटं डबकं, आणि धान कापलेल्या बांध्यांमध्ये, शेतातल्या वाफ्यांमध्ये, मुरलेली ओल. दुपारी ऊन छान असतं, पाठ शेकत बसावंसं वाटतं. पण सूर्य कलला की ती ओल जमिनीतून वर सरकायला लागते. आधी पायाच्या बोटांना कळते, मग गुडघ्यांना, आणि दिवेलागणीला ती छातीपर्यंत आलेली असते. धडधाकट माणूस शेकोटीजवळ बसून तिला शिव्या देतो. दम्याच्या माणसाला तेवढाही श्वास उरत नाही. माझ्या मायला दमा होता.

आमच्या घरात आईला माय म्हणतात आणि वडिलांना बाबूजी. आम्ही पोवार. आमचे पूर्वज फार पूर्वी माळव्यातून बैलगाड्या जुंपून इकडे आले असं सांगतात. बाबूजी या गोष्टीचा हवा तसा उपयोग करून घ्यायचे. "आपल्या रक्तातच फिरणं आहे," असं म्हणायचे. माझे काका, म्हणजे बाबूजींचे धाकटे भाऊ, लगेच म्हणायचे, "रक्तात शेती आहे भाऊ. फिरणं तुझ्या डोक्यात आहे." ते खरंच बाबूजींच्या डोक्यात होतं, आणि डोक्यातून ते एका जुन्या मेटाडोरमध्ये उतरलं होतं.

आजकाल मोबाइलवर घरासारख्या गाड्यांचे फोटो येतात. पलंग, ओटा, बेसिन, पडदे. बाबूजींनी असला एकही फोटो न पाहता तशी गाडी केली होती. बालाघाट रोडवरच्या एका मिस्त्रीकडे महिनाभर ठाण मांडून त्यांनी तिच्या दोन्ही बाजूंना झोपायच्या, उघडमीट होणाऱ्या फळ्या बसवल्या, फळ्यांखाली तांदूळ-डाळीच्या पेट्या, मागच्या कोपऱ्यात गॅसची शेगडी, तिच्यावर छताला वाफ जायची एक छोटी झडप आणि टपावर पाण्याची टाकी. होळी झाली की गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन ही गाडी तीर्थांना निघायची. पुरी, द्वारका, रामेश्वर. बाबूजी चालवायचे, माय रांधायची. पाऊस लागायच्या आत सगळे परत. मग रोवणी, मग निंदण, आणि दसऱ्यानंतर धानाची कापणी. कापणी सुरू झाली की गाडीला काम नसायचं आणि बाबूजींना वेळ नसायचा. तेव्हा ती निजवायची.

आम्ही 'निजवायची' असंच म्हणायचो. रेडिएटरमधलं पाणी काढायचं. बॅटरी सोडवून घरात फळीवर ठेवायची. चाकं उचलून खाली सागाचे ठोकळे सारायचे, म्हणजे टायरवर भार येत नाही. सायलेन्सरच्या तोंडात नारळाच्या शेंड्या कोंबायच्या, म्हणजे आत काही घर करत नाही. सगळं झालं की माय समोरच्या काचेला कुंकू लावायची आणि बाबूजी तिच्यावर पंजा ठेवून म्हणायचे, "नीज आता." अंगणाच्या मागं, खळ्याला लागून तिचा मांडव होता. एका बाजूला धानाचे पुंजणे उभे राहत, म्हणजे कापून आणलेल्या भाऱ्यांचे उंच ढीग, आणि दुसऱ्या बाजूला ती. धान चुरून, म्हणजे मळून, पोती घरात येईपर्यंत तिच्याकडे कोणी बघायचं नाही. माय सोडून.

मायनं समुद्र पहिल्यांदा रामेश्वरला पाहिला. तो किस्सा तिनं इतक्यांदा सांगितला की आता तो मला मीच पाहिल्यासारखा वाटतो. बाकीच्या बायका देवळात रांगेत उभ्या, आणि ही आपली लुगड्यासकट पाण्यात बसलेली. कोणी हाक मारली तरी उठेना. घरी आल्यावर मला म्हणाली, "तिथं मले श्वास घ्यावा नाही लागला बाई. तो आपलाच आला." ज्याचा श्वास सदाच आपला आपण येतो त्याला या वाक्याचं मोल कळायचं नाही. मला तेव्हा कळलं नाही. त्यानंतर मात्र तिच्या मनात एकच गोष्ट राहिली. गाडी निजवताना ती दर वर्षी बाबूजींना म्हणायची, "एक हिवाळा मले तिथं काढू द्या जी. एकच." आणि बाबूजी दर वर्षी म्हणायचे, "खळ्यावर धान टाकून कोणी जाते का?"

त्यांचंही काही चुकत नव्हतं. वर्षाचं पोट खळ्यावर उघड्यावर पडलेलं असताना घरचा कर्ता माणूस समुद्रावर जाऊन बसला, असं आमच्याकडे कधी घडलेलं नाही. पुंजण्यांना आग लागते, अवकाळी पाऊस येतो, डुकरं येतात. त्या दिवसांत सगळ्या गावाचा जीव खळ्यावर असतो. मायचा श्वास नेमका त्याच दिवसांत आखडायचा. दर हिवाळ्यात थोडा जास्त. गोंदियाचे डॉक्टर औषधं बदलत होते, आणि आम्ही घरात कोणी बोलत नव्हतो, पण प्रत्येक जण मनात धरून होता की असाच एखादा हिवाळा तिला घेऊन जाईल. माय तर उघड बोलायची. पौष लागला की म्हणायची, "पाहू, या वर्षी कोण जिंकते."

तिचं माहेर नवेगाव बांधजवळ. तिथल्या तळ्यावर थंडीत परमुलखातले पक्षी येतात. एकदा तिच्या भावानं तिला सांगितलं की या पक्ष्यांना त्यांच्या मुलखातली थंडी सोसत नाही, ते आपल्याकडे ऊब मिळते म्हणून येतात. मायला हे पटेना. शालीत गुरफटून ती त्या पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "यायले हे गरम लागते? मंग यायच्या घरी काय असन बाप्पा!" मी हसले. आज विचार करते तेव्हा वाटतं, प्रत्येकाचा दक्षिण देश वेगळा असतो, आणि तिकडे निघायला पंख असून भागत नाही, मागे काही पडून राहिलेलं नसावं लागतं.

आता त्या वर्षाकडे येते. नवं शतक लागून थोडीच वर्षं झाली होती. माझं डी.एड. झालं होतं, नोकरी लागायची होती, म्हणून मी माय-बाबूजींजवळ गावीच होते. आदल्या हिवाळ्यात उंदरांनी निजवलेल्या गाडीची पार वाट लावली होती. धान घरात यायच्या दिवसांत उंदीर माजतातच. त्यांनी गाद्यांमधला फोम उपसून पिल्लं घातली आणि वायरी कुरतडल्या. बाबूजींना ते कळलं उन्हाळ्यात, पुरीच्या वाटेवर, देवरीच्या पुढे गाडी बंद पडली तेव्हा. म्हातारे-म्हाताऱ्या दिवसभर रस्त्याच्या कडेला पळसाखाली बसून होते. गावात परत आल्यावर लोक विचारायचे, "काऊन जी, देवरीचा जगन्नाथ कसा होता?" बाबूजी हसण्यावारी न्यायचे, पण ते त्यांना लागलं होतं. त्यांच्या हाताच्या कामाला कोणी नाव ठेवलेलं त्यांना सहन व्हायचं नाही.

म्हणून त्या वर्षी गाडी निजवायला त्यांनी वेगळाच जोर लावला. काचांच्या कडांच्या फटींत लांबी भरली. खालच्या पत्र्याच्या सांध्यांत डांबर ओतलं. दारांच्या चौकटींना जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या चिकटवल्या, इतक्या घट्ट की मागचं दार खांदा लावल्याशिवाय मिटेना. वरून ताडपत्री, आणि चहूबाजूंनी तणसीचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, भारे रचले, नुसतं मागच्या दारापुढं जायला तोंड ठेवलं. काम झाल्यावर त्यांनी मला आणि काकीला बोलावून दाखवलं. "आता यात मुंगी शिरली तर मले सांगा," म्हणाले. त्यांच्या तोंडावरचं ते समाधान मला आजही दिसतं.

दुपारी एकदा माय गाद्यांना ऊन दाखवायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी डोकावले. ती फळीवर मांडी घालून बसली होती, डोक्यावरचा रुमाल सोडलेला. वर दिवसभर तापलेली ताडपत्री, बाजूनं तणस, आत वारा म्हणून नाही. "पाह्य बाई," म्हणाली, "इथंच रामेश्वर आहे!" तेव्हापासून जेवणं आटोपली की ती सुपात तांदूळ घेऊन गाडीत जायची. जाताना काकीला सांगायची, "मी रामेश्वरले चाललो." काकी चुलीपाशी बसल्या बसल्या ओरडायची, "येताना शंख आणजो जी!" आमच्या घरात त्या वर्षी हा विनोद खूप चालला.

पौषात धुकं पडायला लागलं. कौलांतून गारवा असा उतरायचा की पांघरूण ओलं वाटे. माय रात्र रात्र भिंतीला टेकून बसायची, आणि तिच्या छातीतली शिट्टी सगळ्या घराला ऐकू यायची. चुलीजवळ नेलं तर धुरानं आणखी वाईट. अखेर एका संध्याकाळी बाबूजी स्वतःच म्हणाले, "तू गाडीतच नीज ना. रामेश्वरले नाही नेऊन राहिलो मी, एवढं तरी करतो." आणि त्यांनी गोरसी पेटवली.

गोरसी म्हणजे निखारे ठेवायचं मातीचं पसरट भांडं. आमच्याकडे थंडीत ती खाटेखाली ठेवायची रीतच आहे. बाळंतिणीच्या खाटेखाली, म्हाताऱ्यांच्या खाटेखाली, आजाऱ्याच्या खाटेखाली. निखाऱ्यांवर धानाचा कोंडा पसरला की तो सकाळपर्यंत आतल्या आत धुमसत ऊब देतो. तिला जपायचं म्हणजे एकच, धूर होऊ द्यायचा नाही. बाबूजी ती अंगणात बराच वेळ ठेवायचे, फुंकायचे, नाक जवळ नेऊन पाहायचे. धूर सगळा गेला, वास गेला, नुसती लाल धग उरली, की दोन्ही हातांनी उचलून गाडीत मायच्या फळीखाली सारायचे. धूर गेला म्हणजे बाधा गेली, हे आमच्या घरात, आमच्या गावात, मला वाटतं सगळ्या आमच्या मुलखात लोक धरून चालत आले. आणि ते कधी कुणाला नडलं नव्हतं. कशामुळं नडलं नव्हतं ते मला फार उशिरा उमगलं. आमची घरं कौलारू होती. त्यांच्या फटींतून गारवा यायचा, पाऊस यायचा, मांजर यायची. त्या फटींना आम्ही पिढ्यान्पिढ्या शिव्या दिल्या, आणि पिढ्यान्पिढ्या त्यांनीच आम्हाला जिवंत ठेवलं.

माय शांत झोपायला लागली. शिट्टी ऐकू येईना. काकी म्हणाली, "गाडी मानवली जी, गाल पाहा कसे लाल झाले." बाबूजी खळ्यावर गुणगुणायला लागले.

मग बारीकसारीक गोष्टी घडू लागल्या. आता त्या एकीपुढे एक ठेवल्या तर लहान पोरालाही दिसतील. तेव्हा त्या सुट्या सुट्या आल्या, आणि प्रत्येकीला आमच्याजवळ उत्तर होतं. सकाळी मायचं डोकं ठणकायचं, कपाळाला फडकं बांधूनच ती बाहेर यायची, आणि दुपारपर्यंत बरी व्हायची. आम्ही म्हणालो, थंडी. एकदा चहा प्याली आणि तसाच बाहेर पडला. काकीनं पदराआड हसून विचारलं, "काय जी, या वयात?" सगळे हसलो, मायही हसली. एकदा ती म्हणाली, "रात्रभर वाटे का गाडी चालून राहिली. वळणं घेऊन राहिली, घाटातल्यासारखी." आम्हाला वाटलं, बिचारीला समुद्राचं स्वप्न पडतं.

एका सकाळी बाबूजी गाडीतून बाहेर आले ते शेपट्या धरून दोन मेलेले उंदीर मिरवतच. एक पालही फळीखाली उताणी पडली होती. "औषध टाकलं का भाऊजी?" काकीनं विचारलं. बाबूजी म्हणाले, "कायले टाकतो? आत अडकले अन् भुकेनं मेले. पाहिलं ना, एक जिता नाही राहिला." मी अंगणात उभी होते. ऊन नुकतंच खळ्यावर आलं होतं, पुंजण्यांवरचं दव चमकत होतं, आणि बाबूजी हात उंच करून हसत होते. मला काही विशेष वाटलं नाही. इतकं वाईट काही समोर धरलेलं असताना सकाळ इतकी चांगली दिसू शकते, हे आता कुठल्याच चांगल्या सकाळी माझ्या डोक्यातून जात नाही.

संक्रांतीच्या सुमारास थंडीनं आणखी जोर धरला. माय म्हणाली, वरून गार येते. शेगडीवरची ती वाफ जायची झडप तेवढी उघडी राहिली होती. बाबूजी टपावर चढले, झडपेत पोतं कोंबलं, आणि ताडपत्री पार खालपर्यंत ओढून दोरीनं आवळली. खाली उतरून हात झटकत म्हणाले, "आता झालं पक्कं." आम्ही सगळे निर्धास्त झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी चहा घेऊन गेली. हाक मारली, दार वाजवलं. मग तिच्या हातातली कपबशी पडल्याचा आवाज झाला आणि ती ओरडली. बाबूजी खळ्यावरून धावत आले. मागचं दार उघडेना. रबराच्या पट्ट्या थंडीनं चिकटून बसल्या होत्या. बाबूजींनी कडी धरून झटके दिले, चौकटीला पाय लावून ओढलं, आणि मग खळ्यावरचं लाकूड उचलून ज्या काचेला त्यांनी बोटानं लांबी भरली होती ती काच फोडली. आत हात घालून दार ओढलं. माय फळीवर पांघरुणात व्यवस्थित झोपलेली होती. चेहरा लालसर, निवांत. मी तिला इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं.

तिला उचलून अंगणात खाटेवर टाकलं. बाबूजी तिच्या गालांवर थपडा मारत होते, नाव घेऊन हाका मारत होते. आमच्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही, मी ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. धुकं अजून होतं. ती बोचरी, ओली, जन्माची वैरीण हवा तिच्या नाकातोंडात शिरली, आणि कितीतरी वेळानं तिच्या छातीतून ती ओळखीची शिट्टी आली. मला त्या आवाजाचा एवढा आनंद कधी होईल असं वाटलं नव्हतं.

गावातल्या जीपमधून गोंदियाला नेलं. नाकावर ऑक्सिजनची नळी लावली. डॉक्टरांनी आधी विचारलं, "बंद कमरे में कोयला जलाकर सोए थे क्या?" मग त्यांनी सांगितलं की धूर नसला तरी निखाऱ्यातून एक वायू निघतो, तो दिसत नाही, त्याला वास नसतो. मायला शुद्ध आली, तिनं मला ओळखलं, पाणी मागितलं, आणि काही दिवसांनी सुट्टी मिळाली. निघताना डॉक्टर म्हणाले, "घर ले जाओ, अब ठीक है. लेकिन महीना-दो महीना नजर रखना. इसमें बाद में भी दिमाग में गड़बड़ होती है." आम्ही पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं त्या गडबडीत कुणाच्या कानात शिरलंच नाही.

घरी माणसांची रीघ लागली. माय खाटेवर बसून सगळ्यांना सांगायची, "यमाच्या दारी गेलो होतो. पण त्याच्या इथं बी थंडीच, मंग परत आलो." लोक पोट धरून हसायचे. बाबूजी हसत नव्हते. त्यांनी एक दिवस दारांच्या रबरी पट्ट्या सगळ्या ओरबाडून काढल्या, तणस हटवली, ठोकळे काढले, रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. भर हिवाळ्यात गाडी उठवलेली आम्ही कधी पाहिली नव्हती. काका खळ्यावरून आले. "भाऊ, पुंजणे तसेच उभे आहेत. कुठी चालला?"

"रामेश्वरले."

"अन् धान?"

"तू चुर. नाही चुरलं तर उंदीर खातीन. खाऊ दे."

बाबूजींच्या तोंडून धानाबद्दल असं वाक्य निघू शकतं हे काकांना ऐकूनही खरं वाटत नसावं. मायनं मात्र त्याच संध्याकाळी माझ्याकडून पेट्या भरून घेतल्या, आणि निघताना काकीला आठवणीनं विचारलं, "शंख मोठा आणू का लहान?"

आम्ही तिघंच निघालो. नागपूर ओलांडलं, मग एकेक दिवस हवा बदलत गेली. आधी शाल गेली, मग स्वेटर गेले, मग गाडीच्या काचा पूर्ण खाली आल्या. रस्त्याकडेला ताडाची झाडं दिसू लागली. मायचा श्वास मोकळा झाला होता. बाबूजी आरशातून सारखे तिच्याकडे बघायचे, आणि किती वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं की जणू खळ्यावर धान वगैरे काही नसतंच. मीही आनंदात होते. त्या आनंदातच पहिल्यांदा मायनं वरणात मीठ दोनदा टाकलं.

मग एक दिवस तिला फळी मिटता येईना. वर्षानुवर्षं तिनं ती एका हातानं मिटली होती. ती कडी हातात धरून उभी राहिली आणि कडीकडे बघत राहिली. मी म्हणाले, थकलीस. दुसऱ्या दिवशी तिच्या निऱ्या मी घातल्या. तिसऱ्या मुक्कामी ती पाय घासत, लहान लहान पावलं टाकत चालायला लागली. बोलणं कमी झालं. हवा जसजशी उबदार होत गेली तसतशी ती आतून कुठंतरी दूर जात होती, आणि आम्ही तिला घेऊन पुढे पुढेच चाललो होतो. बाबूजींनी आरशात बघणं सोडलं. गाडी परत फिरवावी असं दोघांच्याही मनात येत असणार, पण इतकं जवळ येऊन ते तोंडातून काढायचं कोणी?

त्यानंतर माय आणखी काही वर्षं जगली, आणि गेली ती भर वैशाखात, श्वासाचा कसलाही त्रास नसताना. हिवाळे तिला काही करू शकले नाहीत. लोक म्हणतात, नशीब. थंडी आली की पेपरात आतल्या पानावर कुठली तरी दोन ओळींची बातमी येते, कुठल्या तरी बंद खोलीतली, मी ती वाचते आणि पेपर घडी करून ठेवते. मग मला ती रामेश्वरची दुपार आठवते.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. वाळू पायाला चटके देत होती. बाबूजींनी मायला दोन्ही हातांनी धरून पाण्यापर्यंत नेलं आणि उथळ जागी बसवलं, ती पूर्वी बसली होती तशीच, लुगड्यासकट. स्वतःही तिच्याजवळ पाण्यात बसले. लाटा येत होत्या, तिच्या मांडीवरून परतत होत्या. तिच्या छातीत कसलाही आवाज नव्हता. ती बराच वेळ समोर बघत होती. मला वाटलं, आता समुद्र ओळखेल. मग ती बाबूजींकडे वळली. कितीतरी दिवसांनी तिनं आपण होऊन तोंड उघडलं होतं.

"ऐकता का जी?"

"बोल," बाबूजी म्हणाले.

"मले रामेश्वरले कवा नेता?"

एक लाट आली आणि गेली. बाबूजींनी ओल्या हातानं तिचा पदर सारखा केला.

"उद्या," म्हणाले. "उद्या सकाळीच निघू."

"अन् धान?"

"धानाचं मी पाह्यतो."

मायचा चेहरा उजळला. तिनं माझा हात धरून मला जवळ ओढलं आणि बाबूजींना ऐकू जाऊ नये म्हणून कानाशी लागून म्हणाली, "पाहिलं का बाई? तुझे बाबूजी कबूल झाले एकदाचे."